टॉवेलाखालचा दर

"सोड! हात सोड माझा! अरे, कोण आहे का तिकडं? ह्या अज्जाला आवरा कुणीतरी!"

गणेशगुडीच्या लॉजच्या व्हरांड्यात मालक असा ओरडत होता की काळी नदीच्या पलीकडची वानरं झाडं सोडून पळाली. त्यातली काही अजून परत आलेली नाहीत, असं मला खात्रीलायक कळलंय. मालक ओरडला कन्नडात. मी इथं मराठीत लिहितोय, त्याचा 'अज्जा' म्हणजे म्हातारबा तेवढा तसाच ठेवतोय आणि मधल्या शिव्या गाळतोय. त्या कन्नडातच शोभतात.

त्याच्यासमोर माझा काका मांडी घालून बसला होता. काकाच्या खांद्यावरचा टॉवेल आता दोघांच्या हातांवर पडला होता आणि टॉवेलाखाली मालकाचा उजवा पंजा काकाच्या पंजात घट्ट अडकला होता. बाजूच्या टेबलावरचे दोन गोरे पाहुणे नाश्ता तसाच टाकून कॅमेरा शोधत होते.

"सावकार, वराडू नगासा," काका समजुतीनं म्हणाला. "वराडलं की भाव फुटतोय."

"कसला भाव? मी ह्या पोराला विचारलं, किती घेशील? तू माझा हात कशाला धरलास?"

"पोराला काय इचारतासा? जनावराच्या धन्याला कोन भाव इचारतंय का कदी?"

जनावर म्हणजे वेबसाइट. धनी म्हणजे मी. आणि माझ्या आयुष्यातल्या पहिल्या कामाचा दर ठरायला अशी सुरुवात झाली होती.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आमच्या रामनगरात एसटीडीचं एक खोकं होतं. त्यात पावसाळ्यात बोललेलं हुबळीला उन्हाळ्यात पोचायचं. कॉम्प्युटर बघायचा तर बँकेत जावं लागे, आणि तिथंही तो प्लॅस्टिकचं कापड पांघरून झोपलेला असे. अशा मुलखात मी बेळगावच्या क्लासात बसून वेबसाइट करायला शिकून आलो होतो. म्हणजे आमच्याकडे समुद्र नसताना मी जहाज बांधायला शिकलो होतो. क्लासची फी काकानं भरली. कशी भरली ते एका वाक्यात सांगून टाकतो, दुसरं वाक्य मला झेपणार नाही. गोठ्यातली शेवटची जोडी त्यानं विकली.

काका बैलांचा दलाल. घरात तो, माझी आई आणि मी. बाप गोव्यात खाणीवर होता, तो गणपतीला आणि शिमग्याला दिसायचा. म्हणजे मला वाढवलं ते काकानं, आणि काकाला वाढवलं बैलबाजारानं. खानापूर, बेळगाव, पार घाटाखालपर्यंत त्याच्या हाताला मान होता. हाताला म्हणतोय, कारण बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. घेणाऱ्याचा हात दलाल आपल्या हातात घेतो, वर टॉवेल टाकतो आणि बोटं दाबून भाव बोलतो. हजाराचा सौदा की शेकड्याचा, एवढंच आधी मोठ्यानं सांगायचं. मग एक बोट दाबलं की एक, दोन दाबली की दोन, अर्ध्या पेरावर दाब दिला की निम्मं. समोरचा आपल्या मनातला आकडा तसाच उलटा दाबतो. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव त्या दोन हातांनाच ठाऊक. बैलाचा धनी बाजूला बसून बिडी ओढतो. पैसे हातात पडेपर्यंत त्यानं भाव विचारायचा नाही. विचारला तर दलालावर भरवसा नाही असा अर्थ होतो, आणि पुढच्या वेळी त्याचं जनावर कुणी हातात घेत नाही.

काकाच्या हातानं केलेला सौदा मोडलेला कुणी बघितला नव्हता. एकदा म्हणे त्यानं एकाच वेळी दोन्ही हातांनी दोन सौदे केले आणि तिसऱ्याला पायाच्या अंगठ्यानं भाव कळवला. 'म्हणे' म्हणायचं कारण ही गोष्ट मीच पसरवली होती.

मग त्याच्या अंगावरून वारं गेलं. तोंड वाकडं झालं, उजवा पाय फरफटायला लागला. आईनं तेल चोळलं, जोयड्याच्या सरकारी डॉक्टरनं सुया दिल्या. पावसाळा उलटेपर्यंत तोंड सरळ झालं, पायही चालायला लागला. काका म्हणाला, "आलं आनी गेलं. वारंच ते." पण त्यानंतरच्या पहिल्याच बाजारात त्यानं लावलेल्या सौद्यावरून भर बाजारात तंटा झाला. घेणारा म्हणाला मी एवढे म्हणालो, काका म्हणाला तू तेवढे म्हणालास. टॉवेल काढल्यावर दोन हातांचे दोन आकडे निघाले, असं काकाच्या उभ्या जन्मात घडलं नव्हतं. काका घरी येऊन म्हणाला, घेणारा चोर होता. लोक काही बोलले नाहीत. फक्त त्याला बोलवायचं थांबले.

तरी काका दर आठवड्याला बाजाराला जायचा. धुतलेला टॉवेल खांद्यावर टाकून पहिल्या गाडीनं निघायचा, चहाच्या टपरीजवळ दिवसभर बसायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचा. कुणाच्या हातावर न पडलेला तो टॉवेल आई दुसऱ्या दिवशी पुन्हा धुवायची. मी एकदा म्हणालो, "आई, मळला नाही की तो." तर म्हणाली, "गप बस."

काकाला फक्त एक सौदा हवा होता. लहान, मोठा, बैलाचा, रेड्याचा, कसलाही. आपला हात अजून चालतो, एवढं चार माणसांना दिसावं म्हणून.

त्या काळात मी दोस्तांसमोर काकाच्या बोटांच्या गोष्टी सांगायचो. आजारातनं उठल्यापासून काकाची बोटं पोलादाची झालीत म्हणायचो. बिडी जळत जळत बोटांपर्यंत यायची, कातडी जळल्याचा वास सुटायचा, तरी काका आपला बोलतच. चुलीवरचं चहाचं पातेलं तो फडक्याशिवाय उतरवायचा, वाफ त्याच्या हाताभोवती फिरून शरमून निघून जायची. "आमच्या काकाला विस्तव घाबरतो," मी छाती फुगवून सांगायचो. दोस्त मान डोलवायचे. बैलबाजारातल्या माणसाला काहीही शोभतं.

अशात लॉजच्या मालकाचा निरोप आला. मालक धारवाडकडचा. नदीकाठी पत्र्याच्या पाच-सहा खोल्या बांधून त्यानं त्याला जंगलातलं हॉटेल म्हणायला सुरुवात केली होती. त्याच्या बेंगळुरूच्या मेव्हण्यानं सांगितलं होतं की आता वेबसाइट नसली तर पाहुणे येणार नाहीत. वेबसाइट म्हणजे काय ते मालकाला माहीत नव्हतं. मेव्हण्यालाही असेल असं वाटत नाही. पण रामनगरचं एक पोरगं ते करतंय एवढं त्याच्या कानावर गेलं होतं. भेटून दर सांग, असा निरोप.

दर सांग! मला वेबसाइट करता येत होती, दर सांगता येत नव्हता. क्लासच्या सरांनी चारशे गोष्टी शिकवल्या, ही एक सोडून. त्यांना जाऊन विचारलं तर म्हणाले, "समोरच्याचा चेहरा बघून सांग." मी मालकाचा चेहरा आठवला. त्यावर मिशी सोडून काही दिसेना. रामनगरात पाट्या रंगवणारा एक पेंटर होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "अक्षरामागं घे. जोडाक्षराला दीडपट. आनी चित्र काडायला सांगितलं तर आदी ॲडव्हान्स." आई म्हणाली, "तेला काय परवडतंय ते तेलाच इचार की."

बेळगावात कुणीतरी एका कारखान्याची वेबसाइट पाच हजारांना केल्याचं मी ऐकलं होतं. मग मी पाच हजार हा आकडा पाठ करायला घेतला. आरशासमोर म्हटला, विहिरीत वाकून म्हटला, शेजारच्या म्हशीला सांगून बघितला. म्हशीनं पाठ फिरवली. माणसासमोर म्हणायला गेलो की घसा कोरडा पडायचा आणि तोंडातून पंधराशे निघायचे. मी मनात उजळणी करत असताना सुद्धा आकडा उतरायचा.

काका ओसरीवर बसून हे सगळं ऐकत होता.

"काय इकायलास?" त्यानं विचारलं.

"वेबसाइट."

"जनावर हाय का वस्तू?"

"तसं दोन्ही नाही."

"दिसतंय तरी का?"

"दिसतं. कॉम्प्युटरवर."

"आनी बांदून कुटं ठेवनार?"

"अमेरिकेत. तिथली एक कंपनी फुकट जागा देते."

काकानं रिकाम्या गोठ्याकडे बघितलं. "मंग तितं चारा कोन घालतंय तेला?"

मी काय सांगणार? तो प्रश्न पुढं मोठमोठ्या कंपन्यांनाही सुटला नाही आणि त्यांची जनावरं उपाशी मेली. पण ते नंतरचं.

"कितीला जावं म्हन्तोस?"

"पाच हजार," मी म्हणालो. काकासमोर आकडा पूर्ण निघाला, एक रुपया कमी नाही.

"मी येतो," काका म्हणाला आणि दोरीवरचा टॉवेल ओढला.

नको म्हणायला पाहिजे होतं. पण त्यानं टॉवेल झटकला, घडी मोडली, पुन्हा घातली आणि खांद्यावर नीट बसतोय का ते बघितलं. ते बघितल्यावर नको म्हणणारा माणूस निदान आमच्या तालुक्यात तरी जन्मला नसेल. आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. माझा आकडा दुसऱ्याच्या तोंडून जाणार होता. तोंडून कसला, बोटांतून.

तर आम्ही लॉजच्या त्या व्हरांड्यात होतो. मालक ओरडून दमला. गोऱ्यांनी फोटो काढला आणि टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्याचा राग उतरायला लागला. पाहुणे खूश आहेत हे बघून तो मिशीत हसला आणि खाली बैठक मारली.

"बरं अज्जा, चालू दे. बघू काय जादू करतोस."

"हजाराचा सौदा," काका मोठ्यानं म्हणाला, आणि टॉवेल हलायला लागला.

मी बाजूला खांबाला टेकून बसलो. धन्यानं बसायचं तसं. बिडी नव्हती, म्हणून काडी चावली. टॉवेल उंदीर शिरल्यासारखा इकडून तिकडं सरकत होता. मालक हसत होता, गोऱ्यांकडे बघून भुवया उडवत होता. काका मालकाकडे बघत नव्हता. तो नदीकडे बघत होता. त्या दिवशी आभाळ खाली आलेलं, पाणी शिळ्या कढीच्या रंगाचं. लहानपणी मी काकाचे सौदे बघितले होते. समोरच्यानं बोट दाबलं की काकाच्या कपाळावरची एक शीर उठायची, मग बसायची. मी त्या शिरेवरून भाव ओळखायला शिकलो होतो. त्या दिवशी ती शीर उठलीच नाही. मला वाटलं, केवढा मुरलाय हा माणूस, आता शिरेवरही ताबा मिळवला.

खूप वेळ गेला. गोऱ्यांची अंडी गार झाली. मग काकानं एकाएकी हात झटकला आणि टॉवेल ओढून घेतला.

"जमलं."

"जमलं?" मालकानं विचारलं.

"जमलं," काका म्हणाला आणि टॉवेल खांद्यावर टाकून उठला.

परतीच्या गाडीत मी काकाच्या शेजारी बसलो. जगलबेट आलं, गेलं. किती, हा एक शब्द माझ्या जिभेवर गाडीतल्या बोजासारखा आदळत होता. पण मी आता धनी होतो. काकाच्या हातानं किती दिवसांनी सौदा केला होता, आणि मीच किती म्हणून विचारू? काका खिडकीबाहेर बघत होता.

तर अशा रीतीनं माझ्या पहिल्या कामाचा दर मला माहीत नसताना मी ते काम करत बसलो. जगात असा दुसरा वेबसाइटवाला झाला नसेल. झाला असेल तर त्याचा काकाही बैलांचा दलाल असणार.

बेळगावच्या सायबर कॅफेत तासावर पैसे घ्यायचे. एक फोटो दिसायला लागायचा तो कपाळापासून. हनुवटी येईपर्यंत बाहेर जाऊन चहा पिऊन यावं. मालकाचे फोटो स्टुडिओत नेऊन स्कॅन केले. लॉजच्या नावाची अक्षरं पडद्यावर इकडून तिकडं पळवली. कोपऱ्यात सोंड हलवणारा हत्ती बसवला. किती लोक येऊन गेले ते मोजणारा आकडा तळाशी घातला. तो मी उघडलं की वाढायचा आणि मी उघडलं नाही की वाढायचा नाही. मधेच मालकाचा निरोप आला: वाघ घाल. मी उलटा निरोप पाठवला: तिथं वाघ दिसतो का? उत्तर आलं: वेबसाइटवर तर दिसू दे.

काम करताना मी मनात दर लावायचो. काकानं पाचाचे सहा केले असतील तर वाघ घालायला हरकत नाही. सात केले असतील तर वाघाला बच्चेही घालतो. गाडीभाडं आणि कॅफेचे तास मी आईच्या डब्यातून काढत होतो. आई डबा पुढं सरकवायची आणि म्हणायची, "इचारू नगं हं तेला. तेला लागंल."

इकडे रामनगरात काकाचे दिवस पालटले. त्यात माझा हात होता, नाकारत नाही. हॉटेलात बसून मी तो सौदा इतक्यांदा सांगितला की दर वेळी टॉवेल वाढत गेला आणि मालक बारीक होत गेला. शेवटी शेवटी मालक थरथर कापत होता आणि गोरे लोक काकाच्या पाया पडत होते. लोक हसायचे, पण बाहेर गेल्यावर म्हणायचे, म्हाताऱ्याचा हात चालतोय म्हणं. काकाला पुन्हा कुणीतरी बाकावर सरकून जागा द्यायला लागलं. कुणी सौद्याचा विषय काढला की काका चहाचा पेला दोन्ही हातांनी धरून बसायचा.

मग कुंभारवाडा गावचा एक शेतकरी आला. वयानं काकाहून लहान, पायात टायरच्या चपला. पोरगा गोव्यात हॉटेलात राहिला, परत यायचं नाव घेत नव्हता. औत धरायला घरात माणूस नव्हता. जोडी विकायची होती. चांगली, पांढरी, एकाच गायीची दोन्ही.

"मामा, तुमच्याच हातानं जाऊ दे," तो म्हणाला. "एकदाच इकायची हाय. परत जोडी हुनार न्हाई माज्याच्यानं."

काकानं खांद्यावरचा टॉवेल नीट केला.

"पन घरची मानसं म्हनाल्यात," तो चाचरला, "तुमच्या पोराचं लॉजचं पैसं आदी येऊ देत म्हनून. राग मानू नगासा. ठरल्यापरमानं मिळालं की मी जोडी घेऊनच येतो."

"ये," काका म्हणाला.

काम संपल्यावर मी वेबसाइट पिशवीत घालून गणेशगुडीला नेली. खरंच पिशवीत. तिथं इंटरनेट कुठलं? बेळगावात रंगीत छापून घेतलेली पानं होती. मालकानं ती एकेक करून बघितली. पळणारी अक्षरं कागदावर उभी होती, हत्तीची सोंड हलत नव्हती, तरी तो खूश झाला. वाघावर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिला, जणू तो त्याच्याच गोठ्यातला होता. मग आत गेला आणि पाकीट घेऊन आला.

दोन हजार होते.

"बाकी कधी?" मी विचारलं.

"कसली बाकी? अज्जानं ठरवलं तेच आहे."

"पाच ठरले होते," मी म्हणालो. माझा घसा त्या दिवशी कोरडा पडला नाही. आकडा स्पष्ट निघाला. पण त्याची वेळ गेली होती.

मालक चिडला नाही. तसा माणूस वाईट नव्हता, हे इथं लिहून ठेवलं पाहिजे. त्यानं खुर्ची ओढून मला बसवलं, चहा सांगितला.

"हे बघ. मी दोन बोटं दाबली. त्यानं माझी पाच दाबली. मी परत दोन. त्यानं परत पाच. मला गंमत वाटली, म्हटलं बघू कधी चिडतो. मी दोनच दाबत राहिलो, चांगली जोर लावून. नख रुतलं असेल त्याला. चेहऱ्यावर काही नाही! मग एकदम म्हणाला, जमलं. मी विचारलं ना, जमलं? तू तिथंच होतास की."

मी तिथंच होतो. खांबाला टेकून काडी चावत होतो.

"मला वाटलं दोनला मानला," मालक म्हणाला. "नाहीतर मी थोडं वर सरकलो असतो. तीनपर्यंत."

चहा आला. पेला हातात घेतला तर बोटं पोळली, म्हणून मी तो पटकन खाली ठेवला. आणि पेल्याकडे बघत बसलो. बिडी. पातेलं. कातडी जळल्याचा वास. एवढे दिवस मी हे सगळं गावभर सांगत फिरत होतो, मीठमसाला लावून, माझ्याच तोंडानं.

पलीकडच्या काठावर वानरं झाडात बसून होती. कुणी ओरडलं नाही.

परत येईपर्यंत कॅफेचे पैसे, भाडं, स्टुडिओ, छपाई हे सगळं मनात वजा करून झालं. उरलं ते आईच्या डब्याचं होतं. डोक्यात एकच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी बाजार होता, आणि आज पैसे मिळणार हे मीच गावभर केलं होतं, म्हणजे तो शेतकरी आजच येणार.

तो आला होता. घरासमोरच्या फणसाला ती पांढरी जोडी बांधलेली. लांबून चालून आल्यामुळे खुरांना चिखल, पण अंग चोळून पुसलेलं. शिंगांना लाल हुरमंज लावला होता. शेतकरी कट्ट्यावर बसला होता. काका ओसरीवर, खांद्यावर टॉवेल. आई दारात उभी होती.

"काय पावनं," शेतकऱ्यानं मलाच विचारलं, "मिळालं का ठरल्यापरमानं?"

मी काकाकडे बघितलं. तो बैलांकडे बघत होता.

"मिळालं म्हणजे?" मी म्हणालो, आणि माझं तोंड सुटलं. "पाच हजार! नव्या कोऱ्या नोटा, मोजताना अंगठा कापला माझा! मालक काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, मी धारवाडपासनं बेंगळुरूपर्यंत व्यवहार केले, पण असा हात बघितला नाही. वर आणि म्हणाला, पुढच्या वेळी अज्जाला आणू नको, मला परवडत नाही."

आई आत निघून गेली. शेतकऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तो हसत उठला, फणसाजवळ गेला आणि जोडीचा कासरा सोडायला लागला.

"पाच म्हनलास?" काकानं विचारलं.

"पाच."

"मी पाचच दाबली हुती," काका म्हणाला.

शेतकरी कासरा घेऊन ओसरीपुढं आला. त्यानं तो काकासमोर धरला. काकानं हात पुढं केला नाही. उजवा हात त्यानं मांडीवर उताणा ठेवला होता आणि त्याकडे असा बघत होता, जणू कुणीतरी विसरून गेलेली वस्तू आहे.

"तुजी जोडी दुसऱ्याच्या हातानं इक," तो म्हणाला. "खानापुरात हायत चांगली मानसं. मी नाव सांगतो."

"आवो मामा, पन पाच हजार—"

"पोरगं लबाड बोलतंय. ल्हानपनापास्नं बोलतंय." त्यानं डाव्या हाताची बोटं उजव्या पंजावर ठेवून दाबली. "हेला काय लागत न्हाई. वारं गेल्यापास्नं न्हाई लागत."

शेतकऱ्यानं कासरा मागं घेतला. काकानं खरंच नाव सांगितलं, माणूस कुठं बसतो ते सांगितलं, आणि डावा बैल उन्हात धापतो ते आधीच सांगून टाक, असंही सांगितलं. शेतकरी पाणी पिऊन निघाला. जोडी रस्त्याला लागली. घुंगरांचा आवाज वळणापर्यंत आला, मग लाकडं भरलेला ट्रक आला आणि तो आवाज त्यात गेला.

मी पाकीट काढून ओसरीवर ठेवलं. काकानं ते उघडलं नाही. खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी घातली आणि पाकिटावर ठेवला.

मला राग आला होता. पैशाचा होता, की मला गावात तोंडघशी पाडल्याचा, की आणखी कसला, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

"काय लागत नव्हतं तर मग जमलं का म्हणालास?" मी ओरडलो. "त्यानं काय दाबलं हे तुला कळलंच नाही, तर जमलं कशाच्या जोरावर?"

काका रिकाम्या फणसाकडे बघत होता.

"किती येळ धरून बसायचं परक्याचा हात?" तो म्हणाला.